राऊळांचा डावा पाय

काळाचौकीच्या त्या खोलीत सकाळी जाग आली की शालन राऊळ डोळे उघडायच्या आधी वास घ्यायची. वास कालच्याइतकाच आहे की वाढलाय, एवढ्यावरून तिला दिवस कसा जाणार ते कळायचं. फिनेलनं फरशी पुसली, उदबत्ती लावली, खिडकी सताड उघडी टाकली, तरी तो वास खाटेच्या पायथ्याशी दबा धरून बसलेला असायचा. भिजून तसंच पडून राहिलेल्या गोणपाटाचा असतो तसा, आणि त्याच्या आत कुठेतरी गोडसर.

मग ती उठायची, चहा टाकायची आणि चहाला उकळी येईपर्यंत नवऱ्याच्या डाव्या पायाची पट्टी सोडायची. जयवंत तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. पाय जणू त्याचा नव्हेच, शेजाऱ्यानं सांभाळायला ठेवलेली वस्तू. शालन जखम सलाईननं धुवायची, कडेचं पिवळं पुसून काढायची, मलम लावून वर जाळीचं कापड, म्हणजे गॉज, आणि पट्टी बांधायची. पुढे कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायची आणि दादरला निघायची. तिथल्या एका पोळी-भाजी केंद्रात ती दुपारपर्यंत पोळ्या लाटायची. काम करताना मधूनच हात नाकाशी नेऊन बघायची तिला सवय लागली होती. सोबतच्या बायकांना वाटायचं, शालन पीठ हुंगतेय.

घरी परत यावंसं वाटत नाही, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. केंद्रातनं सुटल्यावर ती उगाच भाजीबाजारातून फेरी मारायची, काही घ्यायचं नसताना भाव विचारायची.

जयवंत राऊळ पूर्वी असा भिंतीकडे तोंड करणारा माणूस नव्हता. लालबागच्या चिवडा गल्लीत तो भट्टीवर होता. पुरुषभर उंचीच्या आचेसमोर उभा राहून पोहे तळण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. आवाज खणखणीत, राग नाकावर. मंडळाच्या आरतीला पहिला सूर त्याचाच. विसर्जनाला चौपाटीपर्यंत चालत जायचा आणि लोक टॅक्सी शोधत असताना तो चालतच परत यायचा. चाळीतल्या पोरांना सांगायचा, "राऊळांचे पाय आहेत हे. झिजायचे नाहीत."

साखर निघाली ती मंडळानं भरवलेल्या एका आरोग्य शिबिरात. घरी येऊन तो हसला होता. "मी तिखटातलो माणूस. गोडाक हात लावत नाय. माका साखर कशी होईत?" गोळ्या दिल्या होत्या, त्या आठवण झाली की घ्यायचा. शालन ओरडली की चार दिवस नीट घ्यायचा, पाचव्या दिवशी विसरायचा. पुढे भट्टीच्या मालकानं मशीन आणलं आणि म्हातारे कारागीर घरी बसले. जयवंतला जवळच्याच एका टॉवरमध्ये वॉचमनचं काम मिळालं. युनिफॉर्म होता, शिट्टी होती, काळे बूट होते. चपलेत वाढलेल्या त्या पायांना बूट कधी मानवले नाहीत, पण सोसायटीचा नियम होता.

एका संध्याकाळी तो ड्युटीवरून आला आणि बूट काढला तर मोजा ओला लागला. शालननं बूट उलटा करून झटकला. आतून बोराच्या बीएवढा खडा खाली पडला. टॉवरच्या बागेत शोभेला टाकलेली ती पांढरी खडी. दिवसभर तो खडा त्याच्या तळव्याखाली होता, आणि तळव्याला भोक पडलं होतं.

"तुम्हाला टोचलं नाही?" तिनं विचारलं.

"नाय गो. काय कळलाच नाय."

रक्ताची तिला भीती वाटली नाही. त्या "कळलाच नाय"ची वाटली.

तिथून जे सुरू झालं ते संपेचना. आधी गल्लीतल्या डॉक्टरांची पट्टी, मग करंगळी काळी पडली, मग परळच्या एका धर्मादाय इस्पितळात भरती. करंगळी आणि शेजारचं बोट काढलं. बोटांची जागा भरून आली, पण तळव्याचं भोक काही भरेना. घरी पाठवलं, पुन्हा ताप आला, पुन्हा नेलं, खरवडलं, पुन्हा घरी. मुलगी मनवा लग्न होऊन डोंबिवलीला. तिची नोकरी आणि तान्हं पोर, ती रविवारी यायची, आईचा चेहरा बघून रडायची आणि संध्याकाळी जायची. बाकी सगळं शालनवर. पट्टी, इन्सुलिनची सुई, त्याचं पथ्य, संडासला धरून नेणं, आणि जयवंतचं ते गप्प राहणं. त्याच्या रागाशी ती आयुष्यभर भांडली होती. या गप्प माणसाशी कसं भांडायचं हे तिला माहीत नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी पाय घोट्यापर्यंत सुजला आणि तिसऱ्यांदा भरती करावं लागलं. मोठे सर्जन राउंडला आले, पाय बघितला, शालनला बाहेर बोलावलं. भला माणूस होता, तिला बसायला खुर्ची दिली. म्हणाले, "बाई, आता गुडघ्याखालून काढलेला बरा. किती दिवस असं ओढणार? एकदा काढला की जखम नाही, वास नाही, रोजचं ड्रेसिंग नाही."

शालननं मान हलवली आणि जिन्यात येऊन पायरीवर बसली. रडू येईल असं तिला वाटलं होतं. रडू आलं नाही. रोजचं ड्रेसिंग नाही, हे तिच्या कानात राहिलं होतं, आणि डोक्यावरचा हंडा कुणीतरी उतरवून घ्यावा तसं तिला हलकं वाटलं होतं. मग ते हलकं वाटणं तिच्याच लक्षात आलं आणि तिला स्वतःची शिसारी आली. नवऱ्याचा पाय कापणार म्हणून बायकोला बरं वाटलं, ही गोष्ट माणसानं कुणाला सांगायची? माणसं येत-जात होती. तिच्या बाजूनं एक वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन गेला तेव्हा ती भिंतीला सरकून बसली, उठली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच वॉर्डातली धाकटी डॉक्टर तिच्याशी बोलायला आली. डॉक्टर ऋग्वेदा विजयकर. गिरगावच्या जुन्या घराण्यातली, बारीक चणीची, बोलणं पुस्तकासारखं स्वच्छ. ती म्हणाली, "काकू, सरांशी बोलून आलेय मी. कापण्याआधी एक उपाय करून बघायची त्यांनी परवानगी दिली आहे. फक्त तुम्ही ऐकून दचकू नका. अळ्यांचा उपचार आहे."

"अळ्या? म्हणजे किडे?"

"माशीच्या अळ्या. रस्त्यावरच्या नाहीत, प्रयोगशाळेत वाढवलेल्या, जंतू काढून टाकलेल्या. जखमेवर सोडायच्या, वरून जाळी चिकटवायची. त्या कुजलेलं मांस विरघळवून खातात, जिवंत मांसाला तोंड लावत नाहीत. आम्ही सुरीनं खरवडतो तेव्हा वाईटाबरोबर थोडं चांगलंही जातं. यांचं तसं होत नाही. दोन-तीन दिवसांनी त्या धुऊन काढायच्या, गरज लागली तर पुन्हा नव्या सोडायच्या."

"आणि पाय वाचेल?"

"वाचेलच असं वचन देत नाही. पायातलं रक्त अजून बऱ्यापैकी खेळतंय, म्हणून प्रयत्न करण्यासारखा आहे. नाही जमलं तर ऑपरेशन आहेच."

शालनच्या मनात पहिला विचार आला तो असा, की म्हणजे आणखी थांबायचं. आणखी पट्ट्या, आणखी खेपा, आणखी तो वास. तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्यांना विचारते," ती म्हणाली.

जयवंतनं "किडे" हा शब्द ऐकला आणि तो खाटेवर उठून बसला. कित्येक आठवड्यांत तो एवढ्या झटक्यानं उठला नव्हता.

"नाय," तो म्हणाला. "पाय कापा. उद्या कापा. पण किडे नको माका."

"अहो, औषधाचेच आहेत ते. मॅडम म्हणतायत..."

"आक्काचा बोलणा खरा झाला." तो शालनकडे वळला. "तुका म्हायती आसा. तू होतस थंय."

शालनला माहीत होतं. ती तिथेच होती, कडेवर मनवाला घेऊन, स्टोव्हपाशी. जयवंतची थोरली बहीण रमाबाई, जिला सगळे आक्का म्हणायचे, नवऱ्याच्या माराला कंटाळून माहेरी निघून आली होती. खोली दहा बाय बाराची, त्यात सासू, ही दोघं आणि तान्ही मुलगी. आठवडाभर आक्का राहिली. मग नवरा येऊन चाळीत तमाशा करून गेला, आणि जयवंतचं डोकं फिरलं. तुझ्यामुळे आमची अब्रू जाते म्हणाला, आणि दारात ठेवलेली तिची पिशवी पायानं ढकलून बाहेर गॅलरीत लोटली. आक्का रडली नाही. पिशवी उचलून ती म्हणाली, "ज्या पायान माझी पिशवी ढकललंस, त्या पायात किडे पडतले तुझ्या." आणि जिना उतरून नवऱ्याकडे परत गेली. त्यानंतर लग्नकार्यात दोन्ही घरं भेटली, एकमेकांना वाढलं, जेवली. त्या संध्याकाळबद्दल कधीच कुणी बोललं नाही.

"डावोच पाय होतो तो," जयवंत म्हणाला आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

शालन दोन दिवस समजावत राहिली. मग तिचं समजावणंही संपलं. डॉक्टर ऋग्वेदानं समजावलं, मनवानं फोनवर समजावलं, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या कोंडीरामनंसुद्धा सांगितलं, "अरे, मला देत असतील तर मी घेईन, माझा तर अंगठाही गेलाय." जयवंत एकच वाक्य म्हणायचा. पाय कापा. सही करायलाही तो तयार होता. आणि खरं सांगायचं तर शालनलाही वाटत होतं, करू दे सही. त्याची इच्छा, सर्जनचा सल्ला, आपली सुटका. तिन्ही गोष्टी एका बाजूला होत्या. पण जिन्यातलं ते हलकं वाटणं तिला विसरता येईना. आपण गप्प बसलो तर उद्या कुबड्या घेतलेल्या या माणसाकडे आपण कोणत्या तोंडानं बघणार, असं तिला वाटलं. केवळ तेवढ्यासाठी, दुपारी पोळ्या लाटून झाल्यावर, ती बस पकडून अँटॉप हिलला गेली.

आक्का तिथे सरकारी वसाहतीत मुलाकडे, हितेंद्रकडे राहायची. दार तिनंच उघडलं. सत्तरी उलटलेली, पाठीत वाकलेली, केस मेंदीनं लाल. आत तिचा नवरा खुर्चीत बसून मोठ्या आवाजात टीव्ही बघत होता. त्याला ऐकू कमी यायचं. शालन स्वयंपाकघरात जमिनीवरच बसली आणि सगळं सांगितलं. आडपडदा ठेवायलाही तिच्यात त्राण नव्हतं.

आक्का गॅसवरच्या दुधाकडे बघत ऐकत होती. मग म्हणाली, "पिशवी आठवता माका. निळी होती, रेक्झिनची. तिचो बंद तुटलो गॅलरीत. मी बोललंय काय ता नाय आठवत."

"त्यांना आठवतं."

"त्याका आठवूकच होया." आक्कानं गॅस बंद केला. "मग माझ्याकडे कित्याक इलंस तू?"

"एकदा येऊन जा. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

"काय सांगू? माफ केलंय म्हणून सांगू?" आक्काचा आवाज चढला, आणि बाहेरच्या टीव्हीत बुडून गेला. "शालन, मी तेव्हा ह्या माणसाकडे परत इलंय. पुढे काय काय झाला ता तुका म्हायती नाय. पिशवी ढकललेली ती ढकललेली. मी माफी वाटूक येऊचंय नाय."

शालन म्हणाली, "नका देऊ माफी. मी काही म्हणत नाही. मी दमलेय, आक्का. मला आता कुणाचं बरोबर नि कुणाचं चूक ते कळतसुद्धा नाही."

आक्कानं तिच्याकडे नीट बघितलं, बहुधा त्या दुपारी पहिल्यांदाच. तिचे खोल गेलेले डोळे बघितले, मनगटाला चिकटून राहिलेलं पीठ बघितलं. मग कपाटातून घडीची साडी काढली.

इस्पितळात ती खाटेपाशी आली तेव्हा जयवंत घाईघाईनं पाय चादरीखाली लपवायला लागला. आक्का स्टूल ओढून बसली.

"काय रे मेल्या, माझ्या नावान पाय कापून घेतस?"

जयवंतनं चादर पायावर आणखी ओढून घेतली.

"माझ्या जिभेक येवडी ताकद आसती तर माझो घोव कधीच वर गेलो आसतो," आक्का म्हणाली. "जन्मभर शिव्याशाप घातलंय त्याका. सकाळ-संध्याकाळ. तो अजून तीन बांगडे खाता, आनि वर सोलकढी मागता."

शेजारचा कोंडीराम खोकल्यासारखं हसला. औषधं द्यायला आलेली नर्सही हसली. जयवंत हसला नाही. त्यानं आक्काच्या चेहऱ्याकडे बघायचा प्रयत्न केला आणि ते जमेना म्हणून तिच्या हाताकडे बघत राहिला. मनगटाच्या वर वाकड्या सांधलेल्या हाडाचा एक जुना उंचवटा होता. तो त्यानं आधी बघितला असणारच. पण बघितला असेल असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही.

"आक्का..." तो म्हणाला.

"आता रडू नको. तुझ्या रडण्यान माझा काय भरून येणार नाय. किडे घालून घी, पाय ऱ्हवता तर ऱ्हवांदे. ह्या बाईचो जीव जाता तुझा करून करून, ता दिसता तुका?"

जयवंतनं शालनकडे बघितलं. ती खाटेच्या लोखंडी कठड्याला धरून उभी होती. तिला बसायचं होतं, पण स्टूल एकच होतं.

"घाला काय घालूचे ते," तो म्हणाला.

अळ्या एका छोट्या बाटलीत आल्या. शालनला वाटलं होतं, वळवळणारा ढीग असेल. त्या तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक होत्या, पांढुरक्या, नीट बघितल्याशिवाय हलताना दिसायच्याही नाहीत. डॉक्टर ऋग्वेदानं जखम धुतली, कडेनं चिकट पट्टी लावली, अळ्या आत सोडल्या आणि पातळ जाळी चिकटवून बंद केली. वर नुसतं सैल कापड. "त्यांना हवा लागते," ती म्हणाली. "आणि पाणी बरंच सुटेल. वरचं कापड बदलत राहायचं, जाळीला हात लावायचा नाही. आणि काका, पायावर जोर अजिबात द्यायचा नाही. अळ्या खाली चिरडल्या जातील."

पलीकडच्या खाटेवाल्यानं पडदा ओढून घ्यायला सांगितलं. त्याला भेटायला आलेल्या बाईनं नाकाला पदर लावून शालनकडे असं बघितलं, जणू तिनंच ते किडे घरून आणलेत. शालननं पडदा ओढला आणि आत बसून राहिली. तिला वाटलं होतं आपल्याला ओकारी येईल. आली नाही. किळस यायलाही अंगात थोडा जोर लागतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी कापड तांबूस-तपकिरी पाण्यानं भिजून गेलं आणि वेगळाच उग्र वास सुटला. शालन ते बदलत होती तेव्हा चादरीवर एक अळी दिसली. जाळीच्या कडेतून निसटलेली. एका दिवसात ती चांगली दुप्पट झाली होती. नर्सला हाक मारावी म्हणून शालननं मान वर केली, पण नर्स लांब होती. तिनं कापसाच्या बोळ्यानं ती उचलली, अळ्यांच्या रिकाम्या बाटलीत टाकली आणि झाकण लावलं. पिठातली अळी उचलून टाकावी तसं. जयवंत बघत होता.

"तुका भीती नाय वाटली?"

"झोप येतेय मला," ती म्हणाली.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "सळसळता हां थंय."

"कुठे?"

"कडेक. अंगठ्याच्या बाजून. मुंग्या आल्यासारखा." तो छताकडे बघत होता. "पायाक काय कळून किती वर्षां झाली."

शालननं डॉक्टरला विचारलं तेव्हा ती म्हणाली, कडेच्या जिवंत भागात थोडं जाणवतं कधीकधी, त्यावरून फार काही समजू नका. शालननं मान हलवली. ती काहीच समजायला तयार नव्हती. आशा धरायलाही पुन्हा तेच लागतं, जोर.

जाळी काढली तेव्हा अळ्या टरटरून फुगल्या होत्या, भिजलेल्या साबुदाण्यासारख्या. त्या सलाईननं धुऊन काढल्या, पिशवीत बंद करून नेल्या. खाली जखम होती तेवढीच होती, पण तिचा रंग बदलला होता. करडं-पिवळं गेलं होतं आणि बऱ्याच ठिकाणी लाल दिसत होतं. मोठे सर्जन बघून "हं" म्हणाले. पुन्हा सोडा म्हणाले. दुसऱ्या खेपेला एका कोपऱ्यात अजून काळं राहिलं. तिसऱ्या खेपेच्या वेळी अळ्यांचं पार्सल उशिरा पोचलं आणि त्या निम्म्या मेलेल्या निघाल्या, म्हणून पुन्हा मागवाव्या लागल्या. जयवंत चिडला, नर्सवर ओरडला. शालनला ते ओरडणं ऐकून बरं वाटलं. कधी नव्हे ते.

शेवटी पाय राहिला. पूर्ण नाही. अंगठ्याशेजारच्या बोटाचं हाड सडलेलं निघालं, ते काढावं लागलं. पण तळवा लाल मांसानं भरत आला, वास गेला, आणि गुडघ्याखालून कापायची गोष्ट मागे पडली. डॉक्टर ऋग्वेदानं घरी सोडताना बजावलं की खरी कसोटी आता आहे. विशेष चपला, रोज आरशात तळवा बघणं, साखर ताब्यात, आणि जखम पूर्ण भरेपर्यंत पट्टी. "रोज ना?" शालननं विचारलं. "रोज," डॉक्टर म्हणाली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. शालननं तो हात तसाच राहू दिला. वास गेला, एवढं मिळालं होतं. बाकी सगळं होतं तसंच.

तसंच सुरू झालं. सकाळचा चहा, पट्टी, सुई, दादर. फरक एवढाच की जयवंत आता भिंतीकडे वळत नव्हता. आरसा घेऊन बसायचा आणि सूचना द्यायचा. हिकडे पुस, थंय राहिला. शालनचे हात पट्टी करता करता थांबायचे, मग पुन्हा सुरू व्हायचे.

एका दुपारी केंद्रात पोळी तव्यावर टाकताना तिचा उभ्या उभ्या डोळा लागला. क्षणभरच. पुढे झुकली आणि मनगट तव्याच्या कडेला टेकलं. बाकीच्या बायकांनी धरलं, थंड पाणी ओतलं, टॅक्सीत बसवून घरी पाठवलं. जयवंतनं तिच्या हाताकडे बघितलं. त्यानं फोन उचलला आणि कुणाला तरी लावला. शालनला वाटलं, मनवाला असेल.

संध्याकाळी आक्का आली. हातात कापडी पिशवी होती, कपड्यांची. पिशवी तिनं सरळ कपाटाजवळ नेऊन ठेवली आणि पदर खोचला.

"पट्टी कशी करतत ती दाखव माका," तिनं शालनला सांगितलं. "आनि मग तू जा मनवाकडे. आठ दिवस फिरकू नको हिकडे."

"तुम्हाला जमेल?"

"माझ्या घोवाचा सगळा मीच करतंय. ह्याच्या पायाची काय कथा?" आणि जयवंतकडे वळून, "तुका चालता मा? की नाय?"

"चालता," तो म्हणाला. एवढंच. त्या दोघांमध्ये त्यापुढे काय बोलणं झालं, झालं का, हे शालनला कधी कळलं नाही. तिनं विचारलंही नाही. घोट्यापासून बोटांच्या जागेपर्यंत पट्टी कशी वळवायची ते तिनं आक्काला करून दाखवलं, इन्सुलिन कुठे ठेवलंय ते सांगितलं, दोन साड्या घेतल्या आणि निघाली. जिना उतरताना आतून दोघांचा आवाज आला. आक्का म्हणत होती, पाय सरळ ठेव, आणि तो म्हणत होता, सरळच आसा.

डोंबिवलीला मनवानं आईला जेवायला वाढलं, पोराला नवऱ्याकडे दिलं आणि आतल्या खोलीतला पंखा लावून दिला. शालन आडवी झाली तशी झोपली. जागी झाली तेव्हा दुसरा दिवस चांगला वर आला होता. उशाशी फोन वाजत होता.

"गॉज खय ठेवलंस?" जयवंत विचारत होता. मागून आक्का काहीतरी ओरडत होती.

"कपाटात. खालच्या खणात, डब्यात."

"डब्यात नाय हा."

"दुसऱ्या डब्यात बघा," शालन म्हणाली. फोन ठेवला, उशी उलटी केली आणि कूस बदलून पुन्हा झोपली.